नव्या घरातील स्नानगृह : स्लॅब पडण्यापूर्वी घ्यावयाचे निर्णय

नवी दिल्ली : नव्या घराचा नकाशा काढताना दिवाणखाना, शयनगृहे आणि स्वयंपाकघर यांवर कुटुंबात महिनोन्महिने चर्चा होते. स्नानगृह मात्र बहुधा उरलेल्या कोपऱ्यात बसवले जाते. वास्तविक, ज्या खोलीतील चूक मागाहून सुधारणे सर्वांत महाग पडते ती हीच खोली होय. पलंग सरकवता येतो, कपाट बदलता येते. पण कमोडखालचा चार इंची नळ एकदा स्लॅबवर बसून कोब्याखाली गाडला गेला, की तो हलवण्यासाठी फरशी उखडावी लागते, जलरोधक थर फोडावा लागतो आणि बहुमजली इमारतीत खालच्या बिऱ्हाडाच्या छतालाही हात घालावा लागतो. टाइल्सचा रंग आणि नळांची घडण शेवटी ठरली तरी चालते. नळांचे मार्ग, उतार, दार, खिडकी आणि पाणी तापवण्याची जागा यांचा निर्णय मात्र स्लॅबच्या सळया बांधल्या जाण्यापूर्वी झालेला असावा लागतो.

घराच्या आत, शयनगृहाला लागून शौचालय असणे ही भारतात तुलनेने नवी गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४६.९ टक्के कुटुंबांकडेच घराच्या आवारात शौचालय होते. जुन्या वाड्यांत मोरी स्वयंपाकघराला लागून, न्हाणीघर परसाकडे आणि शौचालय त्याहून दूर असे. लडाखमध्ये पाण्याविना चालणारे कोरडे शौचालय आणि काश्मीरमध्ये खालून विस्तव घालून तापवलेल्या दगडी जमिनीचा हमाम ही त्या त्या हवामानाने शिकवलेली रचना होती. या सर्व घरांत ओले काम आणि घाण वाहून नेणारी व्यवस्था राहत्या खोल्यांपासून वेगळी ठेवलेली असे. आजच्या सदनिकेत ती सारी चार भिंतींत एकत्र आली आहे. अंतराने जे आपोआप साधत होते, ते आता आराखड्याने साधावे लागते.

किमान मापे आणि प्रत्यक्ष मापे

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र स्नानगृहाचे क्षेत्रफळ किमान १.८ चौरस मीटर व रुंदी १.२ मीटर, स्वतंत्र शौचालयाचे क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर व रुंदी ०.९ मीटर, तर दोन्ही एकत्र असल्यास क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर असावे. छताची उंची २.१ मीटरपेक्षा कमी नसावी. राज्ये आणि महापालिका यांच्या नियमावलींत हे आकडे कमी-अधिक असतात व परवानगी त्यांच्यानुसारच मिळते. तथापि किमान माप म्हणजे सोयीचे माप नव्हे. १.२ मीटर रुंदीच्या खोलीत कमोडसमोरून बादली घेऊन जाणाऱ्या व्यक्तीला अंग चोरावे लागते.

त्यातही नकाशावर लिहिलेले माप बहुधा विटेपासून विटेपर्यंतचे असते. दोन्ही बाजूंचा गिलावा, टाइल आणि तिचा मसाला मिळून रुंदीतून ६ ते ८ सेंटिमीटर सहज जातात. त्यामुळे 'टाइल लागल्यावर उरणारे माप किती' हा प्रश्न वास्तुविशारदाला आरंभीच विचारणे हिताचे ठरते.

मध्यमवर्गीय घरांत सर्वत्र आढळणारे पाच फूट बाय आठ फुटांचे, म्हणजे सुमारे १.५ बाय २.४ मीटरचे स्नानगृह उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या लांबीचे तीन भाग पडतात. आखूड बाजूच्या दाराजवळ सुमारे ०.७ मीटरमध्ये बेसिन, मध्ये ०.८ मीटरमध्ये कमोड आणि टोकाला, खिडकीखाली ०.९ मीटरमध्ये स्नानाची जागा. बेसिन व कमोड एकाच लांब भिंतीवर घेतल्यास भिंतीपासून सुमारे ७० सेंटिमीटर पुढे येणाऱ्या कमोडसमोर ८० सेंटिमीटरची वाट उरते. हात धुण्यासाठी आलेल्याचे पाय कोरडे राहतात, स्नानाचे पाणी टोकालाच राहते, आणि तीनही उपकरणांचे नळ एका भिंतीत येतात. हीच तीन उपकरणे तीन भिंतींवर विखुरली, तर त्याच क्षेत्रफळात नळांची लांबी वाढते, जमिनीखाली सांधे वाढतात आणि उभे राहण्याची मोकळी जागा मात्र कमी होते.

कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर असावे. त्याहून कमी ठेवल्यास कोपर भिंतीला लागते आणि हेल्थ फॉसेट वापरणेही अवघड होते. भारतीय स्नानाची एक गरज परदेशी नमुन्यांवरून केलेल्या आराखड्यांत हमखास सुटते. ती म्हणजे बादली, तांब्या आणि पाट किंवा स्टूल यांची जागा. बसून स्नान करणाऱ्यासाठी ०.९ बाय १.२ मीटर मोकळी जमीन व सोयीच्या उंचीवर बादलीचा नळ लागतो. काचेची बंद शॉवर-खोली यापेक्षा लहान असेल, तर काही महिन्यांत तिचा उपयोग कपडे भिजवण्यासाठी होऊ लागतो.

नळ आधी, भिंती नंतर

स्नानगृहाची जागा ठरवताना पहिला प्रश्न शयनगृह कोठे आहे हा नसून मैल्याचा उभा नळ कोठून खाली जाणार हा आहे. दोन स्नानगृहे पाठीला पाठ लावून घेतली आणि वरच्या मजल्यावरचे नेमके खालच्यावर आले, तर एकच उभा नळसंच सर्वांना पुरतो. वरचे स्नानगृह खालच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर आले, तर गळतीची पहिली खूण तेथेच उमटते. संहितेनुसार शौचालय अन्य खोलीच्या थेट वर असल्यास त्याची जमीन जलाभेद्य असणे बंधनकारक आहे, आणि शौचालयाचे दार वा खिडकी स्वयंपाकघरात उघडता कामा नये.

नळ नेणारा डक्ट हा नकाशातील सर्वांत दुर्लक्षित चौकोन असतो. दहा मीटरपर्यंत उंच इमारतीत वायुवीजनाच्या डक्टचे क्षेत्रफळ किमान १.२ चौरस मीटर व रुंदी ०.९ मीटर असावी, असे संहिता सांगते. पण माणूस आत शिरून सांधा दुरुस्त करू शकेल असे दार डक्टला नसेल, तर ही मापे कागदावरच राहतात. नळ झाकण्यासाठी डक्ट विटांनी बंद करण्याची प्रथा अनेक शहरांत आहे. पुढील गळतीच्या वेळी त्या विटा पुन्हा फोडाव्या लागतात.

कमोडची निवड नळाच्या आधी करावी लागते, ही बाब पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. एस-ट्रॅप प्रकारात मैला जमिनीतून खाली जातो, पी-ट्रॅप प्रकारात मागील भिंतीतून. एस-ट्रॅपमध्येही भिंतीपासून निर्गमाचे अंतर मॉडेलनुसार साधारण १००, २२० किंवा ३०० मिलिमीटर असते. नळ ३०० मिलिमीटरवर काढून ठेवला आणि दुकानातून २२० मिलिमीटरचा कमोड आला, तर मागे आठ सेंटिमीटरची फट राहते, आणि उलट झाले तर कमोड बसतच नाही. भारतीय बैठकीच्या शौचकूपाचे भांडे आणि ट्रॅप दोन्ही जमिनीखाली जात असल्याने त्यासाठी स्लॅब अधिक खोल उतरवावा लागतो. पी-ट्रॅपचा किंवा भिंतीवर टांगलेला कमोड बाहेरील भिंतीला असेल, तर मैल्याचा नळ स्लॅबखाली किंवा स्लॅबवर आडवा न्यावा लागत नाही आणि स्लॅब कमी उतरवून भागते. सारांश, घरात कोणत्या प्रकारची बैठक हवी हे स्लॅबची खोली ठरण्यापूर्वी सांगावे लागते.

जमिनीतील जाळीखाली बसणाऱ्या भांड्याला देशभरातील प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मराठी-गुजराती न्हाणीशी नाते सांगणारा हा शब्द इंग्रजी तांत्रिक पुस्तकांतही रुळला आहे. या ट्रॅपमध्ये साचून राहणारे सुमारे ५० मिलिमीटर पाणी गटारातील वायू घरात येऊ देत नाही. पाहुण्यांसाठी राखलेल्या स्नानगृहात उन्हाळ्यात हे पाणी आटते आणि दुर्गंधीचे कारण कोणालाच उमगत नाही. तेथे आठवड्याला बादलीभर पाणी ओतणे एवढाच उपाय असतो. वापरातल्या स्नानगृहातही वर टाकी रिकामी केली, की खालच्या ट्रॅपमधून गुडगुड ऐकू येत असेल, तर हवेचा नळ छताच्या वर नेलेला नाही किंवा तुंबला आहे, असे समजावे.

जमिनीचा उतार दर मीटरला १० ते १५ मिलिमीटर असला आणि जाळी दारापासून दूरच्या कोपऱ्यात असली, तर पाणी दाराकडे येत नाही. मोठ्या टाइल्सना चारही बाजूंनी उतार देणे गवंड्याला जमत नाही. त्या हव्या असतील, तर भिंतीलगत लांबट जाळी घेऊन एकाच दिशेचा उतार द्यावा लागतो.

एकत्र की वेगळे

संलग्न स्नानगृहांच्या हौसेत शौचालय आणि स्नानगृह वेगळे ठेवण्याची जुनी पद्धत मागे पडली. पाच जणांच्या कुटुंबात एकच एकत्रित स्नानगृह असेल आणि प्रत्येकाला सकाळी वीस मिनिटे लागत असतील, तर शेवटच्याची पाळी संपेपर्यंत शंभर मिनिटे जातात. त्याच जागेत मध्ये भिंत घालून दोन दारे केल्यास एक जण स्नान करत असताना दुसऱ्याला शौचालय मिळते. बेसिन बाहेर, मार्गिकेत काढल्यास तिसऱ्याचे दात घासणेही अडत नाही. संहितेच्या किमान मापांनीही दोन्ही मिळून २.९ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकत्रित खोलीच्या किमान मापापेक्षा जेमतेम ०.१ चौरस मीटर अधिक, आणि मधल्या भिंतीची जाडी. लहान घरात दोन अरुंद संलग्न स्नानगृहांपेक्षा एक संलग्न आणि एक असे विभागलेले, ही जोडी अधिक उपयोगी ठरते. सदनिका विकणाऱ्यांच्या जाहिरातीत मात्र स्नानगृहांची संख्या मोजली जाते, त्यांची उपयुक्तता नाही.

विभाजनाला एक मर्यादा आहे. वेगळे शौचालय ०.९ मीटर रुंदीचे असेल, तर आधाराशिवाय चालू न शकणाऱ्या व्यक्तीसोबत मदतनीस आत जाऊ शकत नाही. घरात वृद्ध असतील किंवा पुढे असणार असतील, तर निदान तळमजल्यावरील एक स्नानगृह एकत्रित आणि प्रशस्त ठेवावे लागते.

गुडघ्यांचा आणि रात्रीचा विचार

२०११ मध्ये देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. घर बांधणारा आज चाळिशीत असेल, तर कर्ज फिटेपर्यंत तोही त्याच गटात असेल. ओली फरशी, अपुरा उजेड आणि धरण्यासाठी काही नसणे, या तिन्ही गोष्टी पहाटेच्या वेळी एकत्र येतात. अशा वेळी नितंबाजवळचे हाड मोडले, तर अनेकदा घरातील वावरच संपतो.

त्यावरचे उपाय खर्चिक नाहीत. ते वेळेवर करावे लागतात. कमोडशेजारी आणि स्नानाच्या जागी पकडदांडे लावायचे, तर त्यांना शरीराचा पूर्ण भार पेलणारी भिंत हवी. चार इंची विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत स्क्रू ओढीने निघून येतो. बांधकामाच्या वेळीच त्या उंचीवर काँक्रीटची पट्टी घालून ठेवली, तर दांडे दहा वर्षांनी लावले तरी चालतात. टांगलेला कमोड आणि पाण्याने भरल्यावर तिशी-पस्तिशी किलोंपर्यंत जाणारा २५ लिटरचा गिझर यांनाही हाच नियम लागू होतो. कमोडच्या बैठकीची नेहमीची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. गुडघे दुखणाऱ्याला ४५ सेंटिमीटर किंवा थोडी अधिक सोयीची पडते. ज्यांना खाली बसण्याचीच सवय आणि ताकद आहे, त्यांच्यासाठी दुसऱ्या शौचालयात भारतीय बैठक ठेवल्यास वाद मिटतो.

दार बाहेर उघडावे किंवा सरकते असावे. आत कोसळलेली व्यक्ती दारालाच टेकलेली असेल, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडी अशी असावी, की गरज पडल्यास बाहेरून उघडता येईल. चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंटिमीटर मोकळे दार आणि वळण्यासाठी १.५ मीटर व्यासाची जागा लागते. खासगी घरात सर्वत्र एवढी जागा देणे शक्य नसते, पण दाराची रुंदी वाढवणे नकाशावर फुकट असते आणि चौकट बसल्यानंतर महाग. उंबऱ्याऐवजी हलका उतार दिल्यास पाणीही अडते आणि पायही अडखळत नाही. जमिनीसाठी चकचकीत टाइल नको. खरखरीत पृष्ठाची, निसरडेपणाच्या श्रेणीत आर-१० किंवा त्यापुढची घ्यावी. भिंतीला चकाकी चालते.

गरम पाणी आणि हवा

दरवर्षी थंडीत देशाच्या निरनिराळ्या भागांतून बंद स्नानगृहात गॅस गिझरमुळे गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही, आणि भोवळ आल्याचे जाणवेपर्यंत दार उघडण्याची शक्ती उरत नाही. गॅस गिझर स्नानगृहात बसवूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत, म्हणजे गॅलरीत किंवा डक्टपासून वेगळ्या बाहेरील भिंतीवर ठेवून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा. ही जागा नकाशातच राखलेली नसेल, तर भाडेकरू किंवा पुढचा मालक तो आतच बसवतो. एक्झॉस्ट पंखा हा यावर पुरेसा उपाय नाही. दार-खिडकी बंद असताना बाहेरची हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसता फिरत राहतो. दमटपणा घालवण्यासाठी पंखा लावतानाही दाराखाली एक-दीड सेंटिमीटर फट किंवा झडप ठेवावीच लागते.

विजेच्या गिझरसाठी स्वतंत्र वाहिनी घ्यावी. २ किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग यांवर येथे काटकसर करू नये. ओल्या अंगाला बसणारा झटका कोरड्या अंगापेक्षा कितीतरी घातक असतो. बटणे शक्यतो दाराबाहेर ठेवावीत.

पाणी तापवण्याची जागा दूर असेल, तर अपव्ययही वाढतो. १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे ०.१८ लिटर पाणी राहते. सौर तापक गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, बारा मीटरवर असेल, तर गरम पाणी येईपर्यंत दर वेळी दोन लिटरहून अधिक थंड पाणी वाहून जाते. चार जणांचे दोन वेळा स्नान धरल्यास रोजचे सुमारे सतरा लिटर होतात. गच्चीवरील टाकीचा शॉवरच्या दाबाशीही संबंध आहे. टाकी शॉवरपेक्षा जितके मीटर उंच, तितका एक-दशांश बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर हे अंतर दोन-तीन मीटरच असते. दुकानात जोरदार वाटलेला रुंद शॉवर घरी नुसता ठिबकतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दिशाशास्त्राचा आग्रह असलेली कुटुंबे अनेक आहेत. त्यांनी तो नळमार्ग ठरण्यापूर्वी मांडलेला बरा. स्लॅब पडल्यानंतर दिशेसाठी कमोड फिरवल्यास जमिनीखाली आडवे वळण येते आणि तुंबण्याची जागा तयार होते.

सांडपाण्याचे पुढे काय

संहिता शहरी वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरते. त्यांतील ४५ लिटर फ्लशसाठी. ३ आणि ६ लिटरच्या दुहेरी फ्लशमुळे हा भाग बराच कमी होतो. स्नानाचे आणि बेसिनचे पाणी बागेला वळवण्याचा विचार असेल, तर त्याचा नळ मैल्याच्या नळापासून आरंभापासूनच वेगळा काढावा लागतो.

जेथे भुयारी गटार नाही, तेथे स्नानगृहाची जागा आवाराबाहेरच्या गोष्टीवरही अवलंबून असते. सेप्टिक टँक घराच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्या अरुंद पट्टीत गाडला, तर मैला उपसणाऱ्या गाडीची नळी तेथे पोहोचत नाही, आणि मग माणसाला आत उतरवण्याचा मोह होतो. २०१३ च्या कायद्याने पुरेशा संरक्षणाविना अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास बंदी आहे. तरीही टाकीत उतरलेल्या कामगारांचे मृत्यू थांबलेले नाहीत. टाकीचे झाकण रस्त्याकडील बाजूस, फरशीने न झाकता ठेवणे हा घरमालकाच्या हातातील उपाय आहे. ग्रामीण भागात दोन शोषखड्ड्यांच्या पद्धतीत टाकीच लागत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवतात, आणि बंद ठेवलेल्या पहिल्यातील मैल्याचे साधारण दोन वर्षांत खत होते. त्यासाठीचे अधिक उताराचे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. शहरी पद्धतीचा कमोड बसवून भरमसाट पाणी सोडल्यास मात्र खड्डे लवकर भरतात.

काम सुरू झाल्यावर मालकाने स्वतः हजर राहावे असे दोन दिवस असतात. पहिला, नळ झाकले जाण्याच्या आदल्या दिवशीचा. त्या वेळी भिंतीलगत मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीची व जमिनीची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढे पकडदांड्यासाठी छिद्र पाडताना नळ फुटत नाही. दुसरा, जलरोधक थर पूर्ण झाल्याचा. हा थर जमिनीवरून भिंतीवर निदान ३० सेंटिमीटर आणि स्नानाच्या जागी डोक्याच्या उंचीपर्यंत चढलेला असावा. त्यानंतर जाळीचे तोंड बंद करून, खोलीत काही सेंटिमीटर पाणी भरून ते २४ ते ४८ तास ठेवतात, पातळीची खूण भिंतीवर करतात आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहतात. कंत्राटदार घाईत असला, तरी या चाचणीपूर्वी टाइल लावू देऊ नये.